पेल्याला दोन सावल्या

रविवार, २ फेब्रुवारी

आणि काही झालं तरी टेबल वाकडंच होतं! ह्यावर मी ठाम आहे. बसमध्येसुद्धा तेच पुटपुटत होते बहुतेक, कारण शेजारची बाई जरा सरकून बसली.

आज कोर्ट होतं. चित्रकलेच्या क्लासात महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतं ते. सरांच्या दोन बॅच – आमची रविवारची आणि दुसरी बुधवार दुपारची. एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. त्यांची चित्रं आमच्यापुढे, आमची त्यांच्यापुढे. नाव नाही, सही नाही. सर एकाला उभं करतात, त्यानं चित्रातलं चुकलेलं काढायचं – कॉम्पोझिशन, लाइट, पर्स्पेक्टिव्ह. सर ते मोबाइलवर रेकॉर्ड करतात आणि समोरच्या बॅचला ऐकवतात. ज्याचं चित्र आहे त्यानं गप्प बसून ऐकायचं. ‘माझं आहे’ म्हणायचं नाही, वकिली करायची नाही. हाच नियम.

मला आजवर कधी उभं केलं नव्हतं. किती वाट पाहिली होती! रोज व्हिडिओ बघते, ऑफिसात खोक्यांची डिझाइनं करते, कुठे काय ठेवायचं ते मला कळतं – निदान मला तसं वाटतं. तर आज सर म्हणाले, ‘तू ये.’

चित्र – ऑइल, छोटा कॅनव्हास, अगदी नवशिक्या हाताचं. एक खोली, पिवळ्या भिंतींची. मधोमध जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, टेबलावर पाण्याचा पेला. मागे दार. दारात एक बाई.

मी सुटलेच. म्हटलं, हे टेबल उताराला लागलंय, ह्यावर लिंबू ठेवलं तर घरंगळत शेजारच्या चित्रात जाईल. हशा. म्हटलं, एक पाय तर जमिनीला टेकलाच नाही, खाली पांढरा ठिपका देऊन वेळ मारून नेलीय. पेल्याला दोन सावल्या – एक इकडे, एक तिकडे. ह्या घरावर दोन सूर्य उगवतात का? पुन्हा हशा. मागच्या बाकावरच्या बँकवाल्या काकांनी तर डोळे पुसले.

मग कॉम्पोझिशन. मला अजून पाठ आहे मी काय बोलले ते. ‘मधली सगळी जागा रिकामी आणि ही बाई कडेला. अर्धी चौकटीत, अर्धी बाहेर. आत येतेय की बाहेर चाललीय, तिचं तिला माहीत नाही. उजेडात नाही, चेहरा नाही, डोक्यातून अँटेना निघालाय. ती तिथं आहेच कशाला? काढून टाका. चित्र सुटसुटीत होईल.’

टाळ्या! खरंच, टाळ्या.

सर फक्त एवढंच म्हणाले, ‘आणि चांगलं काय?’

म्हटलं, रंग ठीक आहेत. ते ‘हं’ म्हणाले आणि मोबाइल बंद केला. ते ‘हं’ मला आवडलं नाही.

घरी आल्यावर नेहमीसारखी वहिनीला सगळी गोष्ट सांगितली. ती कांदा चिरत होती. मी पूर्ण प्रयोग करून दाखवला – लिंबू, दोन सूर्य, अँटेना, आवाज काढून. माझं सगळं ऐकून घेणारी घरात ती एकटीच. आई-बाबा दिवसभर चष्म्याच्या दुकानात, आणि दादाला चित्र म्हणजे कॅलेंडर. वहिनी हसली. मग म्हणाली, ‘अगदी काढून टाका म्हणालीस?’

म्हटलं, मग काय! स्पष्ट बोलल्याशिवाय शिकणार कशी ती माणसं?

‘तेही खरं,’ म्हणाली.


सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसात दिवस मस्त गेला. बँकवाल्या काकांचा मेसेज – ‘काल धमाल केलीस’. तीनदा वाचला.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही डायरी मराठीत लिहायचं ठरवलं ते एवढ्याचसाठी की इंग्रजीत लिहिलं की मी स्वतःशीच छान छान खोटं बोलते. इंग्रजी शाळेनं तेवढं पक्कं शिकवलंय. तर आज मराठीत, सरळ.

अक्कलदाढ दुखत होती म्हणून दुपारी डेंटिस्टकडे गेले, दाढ काढली, ऑफिसला परत न जाता घरी आले. घरात कोणी नाही. वहिनीची शाळा सकाळची – ती पहिलीच्या वर्गाला शिकवते – दुपारी ती घरीच असते, पण आज शाळेत पालकसभा. अर्धं तोंड बधीर. पेलाभर पाणी घेऊन टेबलाशी बसले. पाणी ओठावरून गळत होतं, कळत नव्हतं.

ह्या वेळी मी घरी कधी नसतेच. रविवारीसुद्धा नाही, क्लास असतो. चारच्या सुमाराला ऊन खिडकीतून आलं, ते नेहमीचं. आणि मग थोड्या वेळानं उलट्या बाजूनंही आलं. समोरच्या नव्या इमारतीला ती निळी काच लावलीय ना, तिच्यावर आपटून स्वयंपाकघराच्या जाळीतून थेट टेबलावर. सगळी भिंत पिवळी झाली. आपली भिंत पांढरी आहे, पण त्या वेळी नव्हती.

पेल्याला दोन सावल्या.

मी बघतच राहिले. एक माझ्याकडे, एक पलीकडे.

मग खाली वाकले. टेबलाचा एक पाय आखूड आहे, कितीतरी दिवस आहे. त्याखाली मीच खोक्याचा पुठ्ठा घडी करून सरकवलाय, पांढरा, आमच्याच ऑफिसातला. टेबल तरीही कललेलंच. पेन्सिल ठेवली तर घरंगळत गेली आणि खाली पडली.

चार खुर्च्या. मागच्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार.

आमचं घर. मी आमचंच घर ओळखलं नाही! रोज त्या टेबलावर जेवते, आणि पंचवीस माणसांपुढे त्याला हसले.

चारला घरी कोण असतं? एकटी वहिनी.

आणि परवा मी तिच्यापुढेच... आवाज काढून... ती कांदा चिरत होती. नियमानं गप्प बसून ऐकलं तिनं. वकिली केली नाही.

घरात टर्पेंटाइनचा वास यायचा, मला वाटायचं माझ्याच ब्रश पुसायच्या चिंध्यांचा. तिच्या नखात हिरवं दिसलं होतं एकदा, म्हणाली पोरांचे खडू.

आणि ती दारातली बाई! त्या दारात रोज कोण उभं असतं? आम्ही चौघं बसतो, ती वाढते, मग नंतर जेवते. चारच खुर्च्या आहेत. तिला तसं कोणी सांगितलं नाही. तिला कोणी थांबवलंही नाही. तिनं स्वतःला काढलं – कडेला, अंधारात, अर्धं – आणि मी म्हटलं काढून टाका.

दाढेचं बधीरपण उतरायला लागलंय. बरंच झालं, दुखू दे.

(नंतर) सरांच्या घरी जाऊन आले. म्हटलं, उद्या ते रेकॉर्डिंग लावू नका. ते ब्रश धूत होते. कोणाचं चित्र आहे ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, पण मला वाटतं त्यांना माझा चेहरा बघूनच कळलं. म्हणाले, ‘मग उद्या तू ये. समोर उभी राहा, वेगळं काही बोलायचं असेल तर बोल.’

म्हटलं, उद्या ऑफिस आहे.

‘मग लावतो,’ म्हणाले.


बुधवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसला दाढेची थाप मारली. थाप तरी कशी, दुखतच होती. पण दाढेसाठी सुट्टी नव्हती घेतली.

क्लासच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. ठरवलं होतं आत जायचं. दार अर्धं उघडं होतं. आत चपलांची रांग, त्यात वहिनीच्या करड्या चपला, एका कडेला नीट जोडून ठेवलेल्या. त्या बघितल्या आणि जिन्यातच थांबले.

मग माझा आवाज आला. बातम्या देणाऱ्या मुलीसारखा, नाकातून, प्रत्येक शब्दावर खूश. लिंबू. हशा – आमच्या बॅचचा, मोबाइलमधून, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. आतल्या खोलीत कोणी हसलं नाही. दोन सूर्य. मी मनात म्हणत होते, आता पुढचं नको, आता बंद पडू दे, बॅटरी संपू दे. ‘ती तिथं आहेच कशाला? काढून टाका.’ टाळ्या.

सर म्हणाले, कोणाला काही बोलायचंय? चित्रकारानं बोलायचं नसतं, बाकीच्यांनी बोलावं.

एक म्हातारं माणूस म्हणालं, फारच जीभ आहे पोरीला. दुसरं कोणीतरी म्हणालं, शिकलेली दिसते. आणि मग वहिनी. तो आवाज मी कुठेही ओळखेन. म्हणाली, ‘बरोबर आहे हो तिचं. टेबलाचं तर शंभर टक्के.’

स्वतःच्याच चित्राबद्दल! दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. माझ्या बाजूनं.

मी जिना उतरून पळाले. हो, पळाले.

संध्याकाळी घरी गेले तर तिनं विचारलं, दाढ कशी आहे? मऊ भात करून ठेवला होता.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

बोलले नाही. उद्या बोलेन.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज ऑफिसातून येताना एक घडीची खुर्ची आणली. पाचवी. टेबलाशी लावली आणि म्हटलं, आजपासून सगळे एकदम जेवायचं, मी वाढते.

दादा म्हणाला, काय कलाकार, कोणाला पाडलंस का गाडीवरून? एवढी सेवा कसली? बाबा म्हणाले, खुर्ची चांगली आहे, दुकानात नेऊ का? आई म्हणाली, ‘वाढ हो, पण आधी डोक्यातली ती काठी काढ. जेवताना तरी.’ मी क्लिपा हरवते म्हणून केसांची गाठ घालून त्यात ब्रश खुपसते, त्यावर आईचा राग आहे. ऑफिसातसुद्धा तशीच जाते.

वाढताना मी भात सांडला, डाव उलटा धरला, आणि बाबांना दोनदा वाढलं, दादाला एकदाही नाही. वहिनी घडीच्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती. सारखी उठायची, मी सारखी बसवायची. शेवटी म्हणाली, ‘अगं, जरा उभं राहू दे. सकाळभर चिमुकल्या बाकांवर वाकून बसून पाठ मोडते, म्हणून मी उभी असते.’

सगळे हसले. मीही हसले. आतून मेल्यासारखं झालं. मी तिचं दुःखसुद्धा मनानंच काढलं, आणि त्याचंही पर्स्पेक्टिव्ह चुकलं!

की ती मला सांभाळून घेत होती? ते कळत नाही. तेच तर कळत नाही.


रविवार, ९ फेब्रुवारी

क्लासला गेले नाही. बँकवाल्या काकांचा मेसेज – ‘तुझ्याशिवाय मजा नाही’. उत्तर दिलं नाही.

दुपारी वहिनी गच्चीवरून कपडे काढत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. चादर मधे होती म्हणून बोलता आलं. म्हटलं, वहिनी, ते चित्र तुझं होतं.

ती म्हणाली, ‘टोक जुळव आधी.’

जुळवलं. मग म्हटलं, मला माहीत नव्हतं. म्हटलं, माहीत असतं तर असं बोललेच नसते.

‘तेच वाईट झालं असतं,’ म्हणाली. ‘मग काय, छान छान म्हणाली असतीस.’

मी रडायला लागले. ती चादर घडी करत राहिली, कोपरे जुळवून, शाळेतल्या वह्या रचते तशी. म्हणाली, मी दोनदा ऐकलं सगळं. घरचा प्रयोग जास्त रंगला. अँटेनाला तू हात वर केलास ना, ते मोबाइलमध्ये कुठे दिसतं!

मला हसू आलं, रडताना. ती तशीच आहे. टोमणा मारते आणि त्याच हातानं डोळे पुसते.

तिनं सांगितलं, सप्टेंबरपासून जातेय क्लासला. मी रोज येऊन लाइट, शॅडो, टोन असं काहीबाही बोलायचे, तिला अर्धं कळायचं नाही. वाटलं, आपणही शिकावं, म्हणजे ही बोलली की नुसतं हं हं करायला नको. घरात सांगितलं नाही कारण तिला ते मला दाखवायचं होतं, अचानक. कोर्टात चित्र लागेल, मी बघेन, ओळखेन, तिथंच ओरडेन – असा तिचा बेत.

‘चुका काढशील हे माहीतच होतं गं,’ म्हणाली. ‘फक्त ओळखशील असं वाटलं होतं.’

चादर संपली होती.

जिना उतरताना म्हणाली, ‘आणि एक सांगते. ती आत येतेय. बाहेर नाही चालली.’

मी मान हलवली. स्वयंपाकघरातून टेबलाकडे, हातात काही घेऊन. हो, कळलं, म्हटलं.


सोमवार, १० फेब्रुवारी

रात्रभर तेच. ‘ओळखशील असं वाटलं होतं.’


रविवार, १६ फेब्रुवारी

लाज वाटते लिहायला, पण आज मजा आली.

वहिनीनं ते चित्र घरी आणलंय, उघड उघड. टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळ्यांसमोर. दादा बघून म्हणाला, हे आपलं टेबल ना? एका सेकंदात! बाबांनी पुठ्ठासुद्धा ओळखला. ज्यांना चित्रातलं काही कळत नाही असं मी म्हणते, ती माणसं.

वहिनी म्हणाली, चल क्रिटिकबाई, सगळं दुरुस्त कर, पुढच्या कोर्टाला लावायचंय. मी म्हटलं, नको, आहे तेच खरं आहे, टेबल खरंच वाकडं आहे, दोन सावल्याही खऱ्या आहेत. ती म्हणाली, खरं असू दे, दिसतं चुकीचं. बघणाऱ्याला काय माहीत समोर कोणाची काच आहे?

हे बरोबरच आहे. मग मी शिकवायला लागले. दोरा ताणून व्हॅनिशिंग पॉइंट – सगळ्या रेषा मिळतात तो – दाखवला, खुर्च्यांच्या रेषा तिकडे वळवल्या. तिनं टेबल सरळ केलं. पाय जमिनीला टेकवला, पुठ्ठा पुसला. एक सावली काढली. तिचा हात घट्ट आहे, फळ्यावर लिहायची सवय, पण रंगाला जीव आहे. मी बोलत सुटले होते, केसांतला ब्रश काढून दाखवत होते, पुन्हा खुपसत होते, ती ऐकत होती, मधेच हसत होती. पूर्वीसारखं. त्या रविवारच्या आधीसारखं.

मध्येच लक्षात आलं – मी पुन्हा तेच करतेय. बोलतेय ती मी, ऐकतेय ती ती. गप्प झाले. तर म्हणाली, ‘थांबलीस का? बोल ना.’


बुधवार, १९ फेब्रुवारी

ती क्लासला जाऊन आली. सर म्हणे बराच वेळ चित्र बघत उभे होते.


रविवार, २३ फेब्रुवारी

आज त्या बाईचा प्रश्न आला.

सगळं नीट झालंय आणि ती एकटीच जुनी राहिलीय – दारात, अर्धी. मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं काय म्हणायचं. म्हटलं, वहिनी, तिला मोठी कर. मधे आण, उजेडात, खुर्चीवर बसव. तो तिचा हक्क आहे. हे शेवटचं मी जरा जोरात म्हटलं, दादाला ऐकू जाईल असं.

वहिनीनं ब्रश बाजूला ठेवला. मग म्हणाली, ‘मधे बसवली तर ती ती राहणार नाही. दारातच बरी होती.’

म्हटलं, पण तिथे ती चुकीची दिसते.

‘हो ना,’ म्हणाली. ‘मग तू आधी म्हणालीस तेच करू.’

आणि रंगाच्या नाइफनं भिंतीचा रंग उचलून सरळ वरून फिरवला. मी थांब म्हणेपर्यंत बाई गेली. नुसतं दार राहिलं. खरं सांगू? क्षणभर मला वाईट वाटलंच नाही. चित्र एकदम बसलं होतं. नजर पेल्यावर जाते, तिथून खिडकीवर, कुठे अडखळत नाही. माझ्या तोंडून ‘वा’ निघालं.

तिनं ब्रश पुसला. म्हणाली, झालं बाई एकदाचं. एक चित्र पुरं केलं, हौस फिटली. मार्चपासून क्लास बंद करते, परीक्षांचे पेपर तपासायचे असतात.

म्हटलं, असं काय, इतकं छान जमलंय.

‘जमलं ना,’ म्हणाली, ‘म्हणूनच.’

स्वतःला पुसून टाकलं तिनं, माझ्या शब्दावर, माझ्यासमोर, आणि मी वा म्हटलं. तोंड कुठे लपवू कळत नाही.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

तिला क्लास सोडू द्यायचा नाही. पण कोणत्या तोंडानं सांगू? मी बोलले की काहीतरी पुसलंच जातं.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अर्धी सुट्टी घेऊन दुपारी घरी आले. वहिनीशी बोलायचंच म्हणून. ती आत झोपली होती, उठवलं नाही. चित्र टेबलावर भिंतीला टेकून वाळत होतं. मी समोर बसले. चारच्या सुमाराला ती दुसरी तिरीप आली – जी चित्रातून आम्ही काढली, दिसायला चुकीची म्हणून. ती कॅनव्हासवर अगदी आडवी पडली. आणि जिथे नुसतं दार आहे तिथे जुन्या रंगाचे उंचवटे दिसायला लागले. रंग झाकला गेलाय, पण जाडी तशीच आहे. खांदा. खांद्याला पिशवी, ऑफिसची. उंबऱ्याच्या आत पडलेलं पाऊल. मागची गाठ, आणि गाठीतून वर आलेली एक बारीक, सरळ रेघ. अँटेना.

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. ब्रश होता.

ते स्वयंपाकघराचं दार नव्हतंच. त्याच भिंतीतलं शेजारचं, पॅसेजचं – मी रोज संध्याकाळी बोलत बोलत ज्यातून आत येते ते. ती वहिनी नव्हती. ती मी होते.

परवा कोर्ट आहे, हे चित्र तिथे लागणार. सर मलाच उभं करणार, आणि शेवटी विचारणार, चांगलं काय. टेबल सरळ आहे, सावली एक आहे, मधे कोणी नाही, दारात कोणी नाही. चूक म्हणून दाखवायला काहीच उरलेलं नाही. ही डायरी वाचणाऱ्या, तू तर पहिल्या दिवसापासून सगळं वाचलंयस. तूच सांग – चित्र सुधारलं का?